हात स्वच्छ आहेत, असे आपण कशावरून म्हणतो?

प्रार्थना झाली की अनेक शाळांमध्ये मुलांच्या स्वच्छतेची तपासणी होते. नखे वाढली आहेत का, केस विंचरले आहेत का, गणवेश धुतलेला आहे का, हे गुरुजी किंवा बाई पाहतात. समजा, एका मुलाच्या बोटांना शाई लागली आहे. दुसरा वाटेत बांधावर खेळून आला आहे आणि त्याच्या हातांना ओली माती आहे. तिसऱ्याचे हात अगदी निर्मळ दिसतात. मात्र तो आत्ताच शौचाला जाऊन, हात नुसते नळाखाली धरून आला आहे. या तपासणीत नापास कोण होईल? बहुधा पहिले दोघे. आणि मधल्या सुट्टीत डबा वाटून खाताना कोणाच्या हातांमुळे शेजारच्या मुलाला हगवण लागण्याची शक्यता सर्वांत जास्त? तिसऱ्याच्या.

यात तपासणाऱ्याचा निष्काळजीपणा नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक हाताशी येण्यापूर्वी हजारो वर्षे माणूस घाण ओळखत होता, ती डोळ्यांनी, नाकाने, स्पर्शाने आणि वडीलधाऱ्यांनी घालून दिलेल्या रीतीने. ही एक मोजपट्टी. दुसरी मोजपट्टी जंतुशास्त्राची. ती आपल्या हाती येऊन जेमतेम दीडशे वर्षे झाली. या दोन मोजपट्ट्या पुष्कळ ठिकाणी जुळतात, पण काही महत्त्वाच्या ठिकाणी जुळत नाहीत. जेथे त्या जुळत नाहीत तेथे आजार घर करतो. स्वच्छतेचा पाठ शिकवताना हा फरक शिक्षकाच्या लक्षात असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

घाण म्हणजे नेमके काय?

डोक्यावरचे केस आपण तेल लावून, विंचरून मिरवतो. तोच एक केस भातात निघाला की घास तोंडात फिरतो. शेतात शेणखत म्हणजे लक्ष्मी; तेच बूट-चपलांना लागून माजघरात आले की घाण. वस्तू तीच, जागा बदलली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला: प्रत्येक समाज जगातील वस्तूंची एक मांडणी करतो आणि त्या मांडणीत चुकीच्या जागी आलेल्या वस्तूला घाण म्हणतो. मांडणी समाजागणिक वेगळी, म्हणून घाणीची कल्पनाही वेगळी.

आपल्या भाषेतच पाहा. उष्टे, खरकटे, शिळे, नासके, पारोसे, ओवळे, विटाळलेले, मळके, घाणेरडे, ओंगळ. एवढे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. आईने चाखून पाहिलेली आमटी उष्टी होते, पण मळकी होत नाही. आंघोळ न केलेला माणूस पारोसा, मग त्याचे कपडे धुतलेले असोत वा नसोत. रेशमी मुकटा अनेक दिवस न धुताही सोवळ्यात चालतो. आणि काल धुऊन कडक उन्हात वाळवलेले सुती धोतर, कोणी शिवले तर, चालत नाही. या शब्दांपैकी एकाचाही मूळ अर्थ 'ज्यावर रोगजंतू आहेत असे' असा नाही. ही एक स्वतंत्र व्यवस्था आहे. तिला तिचे तर्क आहेत आणि ती आपण शाळेत येण्यापूर्वीच घरी शिकून आलेलो असतो.

जुळणाऱ्या जागा

या जुन्या मोजपट्टीला सरसकट अडाणी ठरवणे बरोबर नाही. ती अनेकदा अचूक असते. शौचासाठी डावा हात आणि जेवणासाठी उजवा, ही विभागणी विष्ठेतले जंतू तोंडापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर घातलेला चांगला अडसर आहे. चपला उंबऱ्याबाहेर काढणे, शिजवलेले अन्न फार वेळ न ठेवणे, दुसऱ्याच्या भांड्याला तोंड न लावता वरून पाणी पिणे, माठातले पाणी हात न बुडवता ओगराळ्याने घेणे, या सर्व सवयी जंतुशास्त्रालाही मान्य आहेत. तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवण्याची पद्धत घ्या. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हगवणीचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले, तेव्हा ते जंतू पुन्हा वाढवता आले नाहीत.

हातांना राख किंवा माती चोळण्याची रीतही अशीच. साबण महाग होता तेव्हा ग्रामीण भागात सर्रास राख वापरत. बांगलादेशात १९९० च्या सुमारास झालेल्या तुलनेत असे दिसले, की राख किंवा मातीने नीट चोळून धुतलेल्या हातांवरचे जंतू साबणाने धुतल्याइतकेच कमी होतात. महत्त्व चोळण्याला आहे. मात्र माती कोठली, हे पाहावे लागते. जेथे लोक उघड्यावर शौचाला बसतात तेथल्या मातीत जंतांची अंडी असू शकतात. म्हणजे रीत चांगली, पण ती ज्या परिस्थितीत वापरायची तीवर तिचा उपयोग अवलंबून.

न जुळणाऱ्या जागा

आता दुसरी बाजू. तान्ह्या बाळाची शी ही 'घाण' नाही, असे अनेक समाजांत मानतात. बाळ अजून अन्न खात नाही, त्याच्या शीला फारसा वास नाही, ती अंगणात टाकली तरी हरकत नाही, अशी समजूत असते. प्रत्यक्षात लहान मुलांना हगवण अधिक वेळा होते आणि त्यामुळे त्यांच्या विष्ठेत रोगजंतू असण्याची शक्यता मोठ्या माणसांपेक्षा जास्त असते. रोटाव्हायरसने आजारी पडलेल्या बाळाच्या एक ग्रॅम विष्ठेत विषाणूंची संख्या अब्जांच्या घरात असते, आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला त्यांतले अगदी थोडे पुरतात. बाळाचे दुपटे बदलून तशीच कणीक मळायला घेणारी आई निष्काळजी नसते. तिच्या मोजपट्टीवर तेथे धोक्याची खूणच नसते.

याच्या उलट उदाहरण मासिक पाळीचे. येथे जुनी मोजपट्टी मोठ्या धोक्याची खूण दाखवते आणि जंतुशास्त्र म्हणते, की पाळीच्या रक्तात दुसऱ्याला आजारी पाडणारे वेगळे असे काही नाही. पण 'विटाळ' या कल्पनेमुळे मुलगी वापरलेले कापड कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून न्हाणीच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्यांखाली, सावलीत वाळत घालते. उन्हात कापड लवकर कोरडे होते आणि ऊन जंतूंनाही मारते. ओलसर राहिलेल्या कापडाने त्वचेचे विकार होऊ शकतात. धोका नाही तेथे धोका मानल्याने खरा धोका तयार झाला. शाळेत पाणी, आडोसा आणि कापड वा पॅड टाकण्याची सोय नसली, की हीच मुलगी त्या दिवसांत शाळेत यायचे टाळते. स्वच्छतेच्या कल्पनेची किंमत कधी कधी हजेरीपटावर अशी दिसते.

तिसरे उदाहरण गंगेचे. 'गंगेचे पाणी प्रदूषित आहे' असे सांगितल्यावर काही भाविक रागावतात, काही हसतात. केली ॲली या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने वाराणसीच्या घाटांवर अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना दिसले, की लोकांच्या मनात 'गंदी' आणि 'अपवित्र' हे दोन वेगळे विषय आहेत. गंगा गंदी होऊ शकते, पण अपवित्र होऊ शकत नाही. सरकारी भाषेतला 'प्रदूषण' हा शब्द मात्र ऐकणाऱ्याला पावित्र्यावरच आघात वाटतो. वीरभद्र मिश्र यांनी या दोन मोजपट्ट्या एकाच आयुष्यात सांभाळल्या. ते वाराणसीच्या संकटमोचन मंदिराचे महंत होते आणि बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापकही. १९८२ साली त्यांनी गंगा स्वच्छ करण्यासाठी एक संस्था काढली, पाण्यातल्या विष्ठाजन्य जंतूंची नियमित मोजणी सुरू केली आणि रोजचे गंगास्नानही चालू ठेवले. 'गंगा माता आहे' हे ते नाकारत नव्हते. 'आईच्या अंगावर घाण टाकू नका' असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. २०१३ साली त्यांचे निधन झाले.

शिकलेल्यांचीही मोजपट्टी असते

हे सारे अशिक्षितांचे प्रश्न आहेत, असा समज होऊ नये म्हणून युरोपकडे वळू. सोळाव्या-सतराव्या शतकांत तेथल्या उच्चभ्रू वर्गात गरम पाण्याने आंघोळ करणे धोक्याचे मानत. आंघोळीने त्वचेची रंध्रे उघडतात आणि त्यांतून प्लेगचे विष शरीरात शिरते, असे त्या काळचे वैद्य सांगत. मग स्वच्छ माणूस कोण? जो पांढरा शुभ्र सदरा रोज बदलतो तो. अंगावरचा मळ कापड शोषून घेते, अशी कल्पना होती.

पुढची घटना व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयातील. तेथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ११.४ टक्के होते, दुसऱ्यात २.८ टक्के. पहिल्या विभागात नाव लागू नये म्हणून बाया गयावया करत. इग्नाझ झेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधले. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. हे द्रावण त्याने निवडले ते जंतू मारण्यासाठी नव्हे, कारण जंतूंचा रोगाशी संबंध तेव्हा सिद्ध झाला नव्हता. साबणाने धुऊनही हातांना राहणारा प्रेताचा वास या द्रावणाने जातो, एवढेच त्याने पाहिले. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण १.३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुइणींच्या विभागाइतकेच, खाली आले.

एवढा पुरावा हाती असूनही अनेक नामवंत डॉक्टरांनी ते मानले नाही. त्याला शास्त्रीय कारणे होती, तशी सामाजिकही होती. रोग दूषित हवेने होतो, ही त्या वेळची मान्य उपपत्ती. शिवाय आपल्याच हातांनी आपले रुग्ण मेले हे कबूल करायचे कोणी? अमेरिकेत फिलाडेल्फियाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स मेग्ज यांचे म्हणणे तर असे, की डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात. हातांची स्वच्छता येथे जंतूंवरून ठरली नाही, माणसाच्या प्रतिष्ठेवरून ठरली. हे वाक्य आपल्या ओळखीचे वाटत असेल, तर त्याचे कारण पुढे येईलच.

उकळलेल्या पाण्याची गोष्ट

'लोकांना माहिती दिली की ते वागणूक बदलतात', हे गृहीत आपल्या पाठ्यपुस्तकांत खोलवर रुजलेले आहे. त्याची परीक्षा पाहणारा एक प्रसंग पेरू देशातील लोस मोलिनोस या खेड्यात घडला. १९५० च्या सुमारास तेथे आरोग्य खात्याने पाणी उकळून पिण्याचा प्रचार सुरू केला. गावात सुमारे २०० कुटुंबे. एक आरोग्यसेविका दोन वर्षे घरोघर फिरली, डॉक्टरांची भाषणे झाली. शेवटी नव्याने पाणी उकळू लागलेली कुटुंबे किती? अवघी ११.

एडवर्ड वेलिन यांनी या अपयशाचा अभ्यास करून १९५५ साली तो प्रसिद्ध केला. गावकऱ्यांच्या मते प्रत्येक पदार्थ मूळचा 'उष्ण' किंवा 'थंड' असतो. त्याच्या तापमानाशी याचा संबंध नाही. आपल्याकडे पपई उष्ण आणि ताक थंड म्हणतात, तसेच. आजारी माणसाने फार थंड प्रकृतीचे काही घेऊ नये. कच्चे पाणी फार थंड. उकळल्याने त्याचा थंडपणा कमी होतो. म्हणून उकळलेले पाणी हे आजाऱ्याचे पाणी. धडधाकट माणसाने ते पिणे म्हणजे आपण आजारी असल्याचे गावाला सांगणे. लहानपणापासून त्या पाण्याची नावड मुलांना लागलेली. जंतूंबद्दल एका गृहिणीची शंका तर विचार करण्याजोगी होती: माणूस ज्या पाण्यात बुडून मरतो त्या पाण्यात एवढे नाजूक जीव जगतात कसे? आणि दिसत नाहीत एवढे लहान असतील, तर ते धिप्पाड माणसाला काय इजा करणार?

ही शंका विचारणारी बाई निर्बुद्ध नव्हती. तिने नव्या माहितीला आपल्या अनुभवाची कसोटी लावली. आपल्या वर्गातली मुलेही तेच करतात. फरक एवढाच, की ती परीक्षेत 'पाणी उकळून प्यावे' असे लिहून दोन गुण घेतात आणि घरी गेल्यावर घरच्या रीतीने पाणी पितात.

जी ११ कुटुंबे बदलली त्यांत काही बाहेरगावाहून आलेली होती. गावाच्या चालीरीतींचे दडपण त्यांच्यावर कमी होते. आरोग्यसेविका अशांशी अधिक बोलली, कारण ती ऐकून घेत. पण गावात ज्यांच्या शब्दाला वजन होते, अशा बायकांपर्यंत ती पोहोचलीच नाही.

किळस नावाचा पहारेकरी

मग माणूस घाणीपासून दूर राहतो तो कशामुळे? याचे मोठे उत्तर आहे किळस. १९८६ साली पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. पूर्ण निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढले आणि तो रस विद्यार्थ्यांपुढे ठेवला. रसात जंतू नाहीत हे त्यांना ठाऊक होते. तरी तो रस नकोसा वाटला. मिठाई चांगली, पण तिला कुत्र्याच्या विष्ठेचा आकार दिला तरी ती तोंडात घालवेना. म्हणजे विद्यापीठात शिकलेल्यांच्या मनातही 'एकदा शिवले की लागले' हा नियम चालतो. विटाळाचा नियम याहून फार वेगळा नाही.

विष्ठा, पू, कुजलेले मांस, नासलेले अन्न यांची किळस जवळजवळ सगळ्या मानवसमूहांत आढळते. ज्या पूर्वजांना अशा वस्तूंची शिसारी आली ते कमी आजारी पडले, म्हणून ही भावना उत्क्रांतीत टिकली असावी, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हॅलरी कर्टिस यांनी मांडले. या पायावर प्रत्येक संस्कृती आपापली इमारत चढवते. कोणाला मासळीच्या वासाने मळमळते, तर कोणाच्या तोंडाला पाणी सुटते.

मात्र या पहारेकऱ्याला दोन खोडी आहेत. पहिली, दिसत नाही आणि वास येत नाही अशा शत्रूला तो ओळखत नाही. भारत सरकारच्या २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, शौचानंतर साबणाने हात धुतो असे सांगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते; जेवणापूर्वी साबणाने हात धुतो असे सांगणारी कुटुंबे फक्त ३६ टक्क्यांच्या आसपास. आपल्या घरी पाहा. जेवणापूर्वी बोटांवर पाणी आणि जेवणानंतर साबण, असाच बहुतेकांचा क्रम असतो. जेवणानंतर हाताला तेल लागलेले असते, कालवणाचा वास येतो. नाक आणि बोटे सांगतात, धू. जेवणापूर्वी ती काहीच सांगत नाहीत. जंतूंच्या दृष्टीने मात्र गरज नेमकी उलट आहे.

दुसरी खोड अधिक गंभीर. किळस वस्तूवरून माणसावर सहज सरकते.

घाण वस्तूला की माणसाला?

संडास साफ करणाऱ्याच्या हाताला विष्ठा लागते. ते हात साबणाने धुतले की जंतू जातात. पण आपल्या समाजाने असे ठरवले, की ती घाण त्या माणसाला, त्याच्या मुलाबाळांना आणि त्याच्या जातीला कायमची चिकटते. दुसऱ्या टोकाला ज्यांनी हे काम कधी केले नाही, त्यांचे हात जन्मतःच स्वच्छ. मेग्ज यांच्या सभ्य गृहस्थांची आठवण येथे होते. जंतुशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही विधाने निरर्थक आहेत.

याचे परिणाम सामाजिक अन्यायावर थांबत नाहीत, आरोग्यापर्यंत जातात. २०१४ साली उत्तर भारतातील पाच राज्यांत केलेल्या एका पाहणीत असे आढळले, की घरात चालू स्थितीतला संडास असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांत निदान एक जण उघड्यावर शौचाला जात होता. डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स या संशोधकांनी त्याची कारणे शोधली. एक कारण खड्ड्याचे. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की तो बंद करतात आणि दुसरा वापरतात. दीड-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते. ते घरच्या माणसाने फावड्याने काढले तरी चालते. पण 'हे काम आपले नव्हे' ही भावना इतकी पक्की, की लोक लहान खड्डा भरेल या धास्तीने संडास वापरत नाहीत, किंवा खोलीएवढा मोठा खड्डा खणण्याचा खर्च परवडत नाही म्हणून बांधतच नाहीत. उघड्यावरच्या विष्ठेतले जंतू मात्र जात विचारत नाहीत. ते विहिरीत उतरतात आणि माश्यांच्या पायांनी सगळ्यांच्या ताटात येतात.

महाराष्ट्रात ही गाठ ओळखणारी माणसे होऊन गेली. गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. ज्या हाताला लोक वाकून नमस्कार करत त्याच हातात खराटा दिसे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन (१८९४ ते १९७१) यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना संडास-सफाईचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. तुरुंगात ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच देत. मागणी नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्नसत्याग्रह केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपोषण केले. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी, मैल्याचे खत होऊन ते कोणालाही हाताळता येईल अशा संडासाचा प्रसार केला. तंत्र आणि मनोवृत्ती यांचा विचार त्यांनी एकत्र केला, हे विशेष.

ही सवय जुनी झाली असेही नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा लोक भाजी साबणाने धूत होते, वर्तमानपत्राला इस्त्री करत होते. आणि बंद खोलीत मुखपट्टी हनुवटीवर ओढून गप्पा मारत होते. पुढे स्पष्ट झाले, की हा विषाणू मुख्यतः श्वासातून बाहेर पडणाऱ्या थेंबांतून आणि सूक्ष्म कणांतून पसरतो. वस्तूंना स्पर्श करून होणारी लागण त्यामानाने कमी असते. हवेतला धोका दिसत नाही, वस्तू दिसते, म्हणून भीती वस्तूंना चिकटली. ती माणसांनाही चिकटली. रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना घरमालकांनी घर सोडायला सांगितल्याच्या घटना त्या वर्षी अनेक शहरांत घडल्या.

मग शिकवायचे कसे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हगवणीने जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार मुले दगावतात. साबणाने हात धुण्याच्या प्रसाराने हगवणीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. उपाय स्वस्त आहे; अडचण सवयीची आहे.

आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे उपयोगी पडेल. प्रथम निरीक्षकांनी घरांत बसून पाहिले. शौचानंतर, बाळाला स्वच्छ केल्यावर, जेवणापूर्वी अशा महत्त्वाच्या वेळी साबणाने हात धुतले जाण्याचे प्रमाण सुमारे २ टक्के भरले. 'तुम्ही हात धुता का?' असे विचारून मिळणारे उत्तर आणि प्रत्यक्ष पाहून मिळणारे उत्तर यांत किती अंतर असू शकते, ते यावरून समजावे. मग सात गावांत 'सुपरअम्मा' नावाचा कार्यक्रम केला. त्यात जंतू आणि रोग यांच्यावर भर नव्हता. मुलाला चांगले वळण लावणारी, त्याला मोठे करणारी आई हात धुते, अशी एक चित्रफीत. न धुतलेल्या हातांची शिसारी यावी अशी विनोदी नाटुकली. आणि चारचौघांत घेतलेली प्रतिज्ञा. सहा महिन्यांनी त्या गावांतले प्रमाण ३७ टक्के होते, इतर सात गावांतले ६ टक्के. त्याआधी बुर्किना फासो या आफ्रिकी देशातील बोबो-द्युलासो शहरात १९९० च्या दशकात अशाच मार्गाने तीन वर्षे काम झाले. बाळाला स्वच्छ केल्यावर साबणाने हात धुणाऱ्या आयांचे प्रमाण तेथे १३ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेले.

याचा अर्थ जंतुशास्त्र शिकवू नये असा नाही. ते शिकवलेच पाहिजे. पण माहितीला सवयीपर्यंत नेणारा पूल मुलांच्या घरच्या मोजपट्टीतूनच बांधावा लागतो. वर्गात करता येतील असे तीन उपक्रम सुचवतो.

पहिला, शब्दांचा. मुलांना घरी विचारून 'अस्वच्छ' या अर्थाचे शब्द गोळा करून आणायला सांगा. फळ्यावर दोन रकाने करा: यात जंतूंचा धोका आहे, यात नाही. 'शिळे' कोठे जाईल? 'उष्टे' कोठे? 'विटाळ' कोठे? मुलांना वाद घालू द्या. आठवी-नववीच्या वर्गात हा तास फार चांगला रंगतो. कोणाच्या घरच्या रीतीची चेष्टा होणार नाही, याची काळजी मात्र शिक्षकाने घ्यावी.

दुसरा, तेल-हळदीचा. तीन मुलांच्या तळहातांना थोडे खोबरेल तेल आणि हळद चोळा. पहिल्याने हात नुसते पाण्याखाली धरावेत, दुसऱ्याने पाण्याने चोळावेत, तिसऱ्याने साबण लावून २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांजवळही चोळावेत. प्रत्येकाने पांढऱ्या फडक्याला हात पुसावेत. फडक्यांवरचे डाग काय ते सांगतील. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. त्यामुळे तेलकट थर आणि त्यात अडकलेले जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. बहुतेक जंतू साबणाने मरत नाहीत, ते निघून जातात. करोनासारख्या, ज्यांचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते अशा विषाणूंचे मात्र आवरणच साबणाने फाटते.

तिसरा, पाहणीचा. मधल्या सुट्टीपूर्वी किती मुले साबणाने हात धुतात, हे दोन विद्यार्थ्यांनी आठवडाभर, नावे न लिहिता, फक्त रेघा मारून मोजावे. दुसऱ्या आठवड्यात साबण आणि पाणी वर्गापासून डब्याच्या जागेकडे जाण्याच्या वाटेवरच ठेवावे आणि पुन्हा मोजावे. उपदेशाचा एक शब्दही न बोलता किती फरक पडला, त्याचा आलेख गणिताच्या तासाला काढता येईल.

साबणाची वडी कोठे ठेवली आहे, शाळेच्या नळाला पाणी आहे का, आणि शाळेचा संडास साफ करण्याची पाळी ठरावीक मुलांवरच येते का, या तीन प्रश्नांची उत्तरेही मुले रोज पाहत असतात. स्वच्छतेचा पाठ ती तेथूनही शिकतात.